'गॅस असेल' म्हणणारी आई आणि काउंटीचं हॉस्पिटल

"माझी आई ६८ वर्षांची, साताऱ्याची. जानेवारीपासून आमच्याकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आहे, जुलैत परत जाईल. व्हिजिटर व्हिसा आणि सोबत स्वस्तातला प्रवास विमा. मार्चमध्ये माझ्या नवऱ्याची नोकरी गेली आणि महिनाअखेर आम्हा दोघांचा विमाही संपला. माझं काम कंत्राटी, त्यात विमा नाही. नोकरी गेल्यावरही तोच विमा पदरच्या पैशांनी चालू ठेवता येतो, त्याला कोब्रा म्हणतात. त्याचा हप्ता बघून पोटात गोळा आला. गेल्या गुरुवारी रात्री दीड वाजता आई उठून बसली. छातीत जळजळ होत होती, घाम आला होता, डावा खांदा दुखतोय म्हणाली. मी गाडीची किल्ली घेतली, तर म्हणे, 'गॅस असेल, ओवा दे.' पहाटे झोपली. मैत्रीण म्हणते, पुन्हा झालं तर काउंटीच्या हॉस्पिटलला ने, तिथे पैशांवाचून अडवत नाहीत. नवरा म्हणतो, ती गोरगरिबांची जागा, तिथे शिकाऊ डॉक्टर, आणि फुकट उपचार घेतले तर आमचा ग्रीन कार्डचा अर्ज अडकेल. आईला तर 'सरकारी' हा शब्दच नको आहे. मी काय करू?" — सनीव्हेलची लेक

प्रिय लेक,

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मी तुम्हाला वेगळा निरोप पाठवला होता की बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आजच आईंचा ईसीजी आणि रक्ताची तपासणी करून घ्या. इथे तेच पुन्हा लिहिते आहे, कारण अशी रात्र ओव्यावर आणि गरम पाण्यावर काढणारी तुमची एकटीची आई नाही. वय ६८, घाम, डावा खांदा, झोपेतून उठवणारी जळजळ. हा गॅस आहे की हृदय, हे तपासल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही, मीही नाही. बायकांच्या हृदयविकारात छातीत जोराची कळ येईलच असं नाही. नुसती मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, एकदम गळून जाणं, एवढ्यावरही तो येतो. सकाळी बरं वाटलं याचा अर्थ संकट टळलं असा होत नाही.

पुन्हा तसं झालं तर गाडीची किल्ली घेऊ नका. ९११ ला फोन करा. ॲम्ब्युलन्सचं बिल येतं, ते खोटं कशाला सांगू? पण पॅरामेडिक तुमच्या दिवाणखान्यातच ईसीजी काढतात, हृदयविकार दिसला तर हॉस्पिटलला आधी कळवतात, आणि अडकलेली रक्तवाहिनी तातडीने उघडण्याची सोय जिथे आहे तिथे नेतात. म्हणजे कुठलं हॉस्पिटल हा तुमच्या घरात चाललेला वाद त्या रात्रीपुरता तुमच्या हातात नसेलच, आणि ते चांगलंच आहे.

पैशांवाचून अडवण्याबद्दल तुमची मैत्रीण बरोबर सांगते, पण अर्धंच. जीव धोक्यात असताना तपासायला आणि स्थिर करायला नकार द्यायचा नाही, हा नियम फक्त काउंटीला लागू नाही. मेडिकेअरचे, म्हणजे केंद्राच्या ज्येष्ठांसाठीच्या विम्याचे, पैसे घेणाऱ्या आणि इमर्जन्सी विभाग चालवणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलला तो लागू आहे, आणि अमेरिकेतली जवळपास सगळी मोठी हॉस्पिटलं त्यात येतात. हा १९८६ चा कायदा आहे. ज्या कोब्राच्या हप्त्याने तुमच्या पोटात गोळा आला, तो कोब्रा आणि हा नियम एकाच विधेयकातून आले आहेत. विमा आहे का, व्हिसा कुठला, हे विचारण्यासाठी तपासणी थांबवता येत नाही. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत काढून डॉक्टरला दाखवायचा, असा हृदयरोगतज्ज्ञांचा दंडक आहे. त्यामुळे दारात शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य "आईच्या छातीत दुखतंय" हेच म्हणा. विम्याचं कार्ड पर्समध्येच राहू दे.

मग काउंटीचं वेगळेपण कशात? काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. इथल्या पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांच्या मंडळाकडे रस्ते, तुरुंग, मालमत्ता कर यांच्यासोबत हॉस्पिटलही असतं. कॅलिफोर्नियात ज्याच्याकडे दुसरा कसलाच आधार नाही अशा रहिवाशाची जबाबदारी कायद्याने काउंटीवर आहे. तुमच्या सांता क्लारा काउंटीचं सॅन होझेतलं व्हॅली मेडिकल सेंटर १८७६ पासून चालू आहे. पहिल्या दर्जाचं ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींवर उपचार करणारं केंद्र, आणि भाजलेल्यांसाठीचा विभाग तिथे आहे. हायवेवर भीषण अपघात झाला तर सिलिकॉन व्हॅलीतला कोट्यधीशही ॲम्ब्युलन्समधून तिथे उतरू शकतो. २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघालेली ओकॉनर आणि गिलरॉयची सेंट लुईस ही दोन हॉस्पिटलं काउंटीने विकत घेतली. २०२५ मध्ये पूर्व सॅन होझेतलं रीजनल मेडिकल सेंटरही घेतलं, कारण खाजगी मालकाने तिथला ट्रॉमा विभाग आधीच बंद केला होता आणि त्या भागातल्या लोकांना लांब जावं लागत होतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात काउंटीच्या मतदारांनी विक्रीकर वाढवायला होकार दिला, त्यामागे मुख्य कारण ही आरोग्यसेवा टिकवणं हेच होतं. तुम्ही दुकानात कपडे, भांडी घेताना तो कर भरताच आहात. तेव्हा 'फुकट' हा शब्द तुमच्या यजमानांनी जरा जपून वापरावा.

आता 'शिकाऊ डॉक्टर'. मी तेरा वर्षं बे एरियातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांत मराठी आणि हिंदी दुभाषी म्हणून काम केलं, बरचसं फोनवर, काही वेळा प्रत्यक्ष. व्हॅली मेडिकल हे शिकवणारं हॉस्पिटल आहे हे खरं. म्हणजे तुम्हाला आधी नर्स विचारेल, मग रेसिडेंट, म्हणजे तोच शिकाऊ डॉक्टर, मग त्याच्या वरचा रेसिडेंट, आणि शेवटी अटेंडिंग, म्हणजे ज्याच्या सहीने निर्णय होतो तो अनुभवी डॉक्टर. तोच प्रश्न चौथ्यांदा ऐकून आई वैतागतील. पण एका माणसाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याच्या नजरेत येतं, ते मी किती वेळा ऐकलंय! आणि यात नवं काय आहे? केईएम किंवा ससूनमध्ये शिकलेला डॉक्टर म्हटलं की आपण विश्वासाने मान डोलावतो. तो शिकला कुणावर? रांगेत बसलेल्या पेशंटवरच ना? आपल्याला सिव्हिलची भीती डॉक्टरांमुळे नव्हती. ती गर्दीमुळे, अस्वच्छतेमुळे, कुणी धड बोलत नाही म्हणून होती. त्यातली गर्दी इथेही आहे. जीवावरचं नसेल तर इमर्जन्सीत पाच-सहा तास बसावं लागतं, कारण तिथे नंबर आलेल्या वेळेवर लागत नाही, आजाराच्या गांभीर्यावर लागतो. नव्या पेशंटला क्लिनिकची वेळ मिळायला आठवडे जातात, तज्ज्ञाकडे पोचायला त्याहून जास्त. थकलेली, चिडलेली माणसंही भेटतील. हे सगळं गृहीत धरून जा, म्हणजे मन खट्टू होणार नाही.

पण तुम्हाला जे सांगण्यासाठी मी हे पत्र निवडलं, ते वेगळंच आहे. तिथे गेल्यावर आईंचं बोलणं तुम्ही भाषांतरित करू नका.

एका रात्रीची गोष्ट सांगते. हॉस्पिटल कुठलं ते सांगत नाही आणि ओळख पटेल असं काही लिहीत नाही. फोन जोडला गेला तेव्हा मुलगा आधीच नर्सशी बोलत होता. "ॲसिडिटी आहे, तिला नेहमी होते." नर्सने त्याला थांबवलं आणि माझ्यामार्फत आजींना विचारलं, तुम्हाला काय होतंय? आजी म्हणाल्या, "छातीवर धोंडा ठेवल्यागत वाटतंय. जीव घाबरा होतोय." मी तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, धोंड्यासकट. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि नर्सचा सूर बदलला. मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या आईने घरी 'पित्त झालंय' म्हटलं होतं आणि त्याने इमानदारीने त्याचं इंग्रजी केलं होतं. पण आपल्या 'पित्ता'त काय काय मावतं! डोकं दुखणं, मळमळ, छातीतली जळजळ, गरगरणं, अंगावर उठलेल्या गांधी, सगळं. इंग्रजीत त्याची 'ॲसिडिटी' झाली की इमर्जन्सीच्या रांगेत माणूस मागे पडतो. 'कसंतरीच होतंय', 'गळून गेल्यासारखं झालं', 'पोटात आग पडलीय', या प्रत्येकाच्या मागे नर्सला दोन-तीन प्रश्न विचारावे लागतात, आणि ते प्रश्न विचारायची संधी तिला मिळायला हवी.

पुढे मुलगा गाडी नीट लावायला बाहेर गेला. आजी हळूच म्हणाल्या, "बाई, बीपीची गोळी मी दोन महिने अर्धी करून घेतेय. इथं लई महाग म्हणतात. पोराला सांगू नका, त्याचं काम सुटलंय." मी ते नर्सला सांगितलं, कारण माझं कामच ते. मुलाला कुणी सांगितलं नाही. पण त्या अर्ध्या गोळीमुळे डॉक्टरांना रक्तदाबाचा आकडा उमगला. मुलगा तिथेच उभा राहून भाषांतर करत असता तर हे वाक्य त्या खोलीत कधीच उच्चारलं गेलं नसतं.

दुभाषी मिळणं हा हक्क आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून, आणि २०१० च्या आरोग्य कायद्याने आणखी स्पष्टपणे, सरकारी पैसे घेणाऱ्या दवाखान्याने तो विनामूल्य द्यायचा असतो. काउंटीच्या हॉस्पिटलात ही सवय मुरलेली असते, कारण तिथे रोज व्हिएतनामी, स्पॅनिश, टागालोग, पंजाबी बोलणारे लोक येतात. चाकांच्या स्टँडवर लावलेला टॅबलेट ढकलत आणतात किंवा फोन लावतात. एकच काळजी घ्या. 'इंडियन' म्हटलं की हिंदीचा दुभाषी जोडून देतात. आईंना हिंदी समजत असेलही, पण घाबरलेल्या माणसाला आपली भाषाच सुचते. "मराठी" असं ठासून सांगा, लागलं तर अक्षरं सांगून लिहून घ्यायला लावा. दोन-चार मिनिटं जास्त लागतील, थांबा.

तिथल्या माणसांपैकी दोघांना शोधून काढा. मराठी कुटुंबं डॉक्टरांना शोधतात आणि या दोघांकडे बघतही नाहीत. एक मेडिकल सोशल वर्कर. घरी गेल्यावर गोळ्या कुठून आणायच्या, पुन्हा दाखवायला कुठे यायचं, घरात ताण किती आहे, हे सगळं ऐकून मार्ग काढणं हे त्यांचं काम आहे. त्यांच्यासमोर नोकरी गेल्याचं सांगायला लाजू नका. दुसरा फायनान्शियल कौन्सेलर, म्हणजे बिल आणि सवलतीचं बघणारा. याला बिल येण्याची वाट न बघता भेटा, शक्य तर घरी सोडायच्या आधी.

त्याच्याशी बोलताना हे माहीत असू द्या. कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांना कमी उत्पन्नाच्या पेशंटचं बिल माफ किंवा कमी करण्याची योजना ठेवावीच लागते. विमा नसलेल्या, किंवा विमा असूनही खर्चाने मोडलेल्या पेशंटला ती मागता येते. उत्पन्नाची मर्यादा केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या चौपट आहे. २०२५ च्या आकड्यांत एकट्या माणसाची रेषा १५,६५० डॉलर होती, म्हणजे मर्यादा ६२,६०० डॉलर. आणि या कायद्यात प्रौढ पेशंटचं कुटुंब म्हणजे नवरा किंवा बायको आणि अवलंबून असलेली मुलं. कमावती लेक आणि जावई त्यात येत नाहीत. साताऱ्यात आईंना मिळणाऱ्या पेन्शनचा कागद, बँकेचं पासबुक, एवढं मागवून ठेवा. गोंधळात तुमच्यापुढे सहीसाठी कागद येतील. 'बिलाची जबाबदारी घेणारी व्यक्ती' म्हणून तुमचं नाव छापलेलं असेल तर वाचल्याशिवाय सही करू नका. लेक म्हणून हात आपोआप पुढे जातो, म्हणून सांगते.

आईंच्या विम्याची कागदपत्रं आजच बाहेर काढा. स्वस्तातल्या पॉलिसीत बहुधा ठरावीक रक्कमच मिळते, खोलीचे इतके, डॉक्टरच्या भेटीचे इतके, बाकी सगळं आपल्या अंगावर. त्यात जुन्या आजाराच्या अचानक उद्भवलेल्या त्रासाबद्दल एक कलम असतं आणि तिथे बहुतेक वेळा 'इतक्या तासांत उपचार घेतले तरच' अशी अट असते. रात्र अंगावर काढली तर तब्येतीसोबत तोही दावा हातचा जातो.

आता यजमानांची भीती. ती पोकळ नाही, म्हणून नीट सांगते. हॉस्पिटलने आईंचं बिल कमी केलं तर तो हॉस्पिटल आणि पेशंट यांच्यातला मामला आहे, तुमच्या अर्जाशी त्याचा संबंध नाही. सरकारी योजनेचा लाभ घेतला तर ग्रीन कार्डवर परिणाम होतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे नियम सरकार बदललं की बदलतात. २०१९ मध्ये ते कडक झाले होते, २०२२ मध्ये पुन्हा सैल केले गेले. म्हणून तुम्हा दोघांसाठी मेडिकॅलचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी असलेल्या सरकारी विम्याचा, अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोला, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. आईंच्या बाबतीत एक गोष्ट मात्र पक्की. त्या पाहुण्या आहेत, रहिवासी नाहीत. रहिवाशांसाठी असलेल्या काउंटीच्या योजना आणि मेडिकॅल त्यांच्यासाठी नाहीत. "त्या इथेच राहतात असं लिहून द्या, कोण बघतंय" असं कुणीतरी म्हणेल. ते ऐकू नका. खरा धोका तिथे आहे. बिल कमी करून घ्या, उरलेलं हप्त्यांनी फेडा आणि फेडल्याची पावती जपून ठेवा. पुढच्या व्हिसाच्या वेळी मागच्या उपचारांचे पैसे कुणी भरले असं विचारलं गेलं तर दाखवायला कागद हवा.

आणि तुम्ही दोघं? काळजी सगळी आईंची, स्वतःबद्दल पत्रात एक ओळ. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला विमा संपल्यापासून किंवा नोटीस मिळाल्यापासून, जे नंतर असेल तिथून, ६० दिवस असतात. त्या मुदतीत घेतला तर मागच्या तारखेपासून लागू होतो, अर्थात मागचे हप्तेही भरावे लागतात. कव्हर्ड कॅलिफोर्नियातून, म्हणजे राज्याच्या विमा बाजारातून, स्वतःचा विमा घ्यायलाही विमा गेल्यापासून ६० दिवसच आहेत. तुमचा मार्चअखेर संपला, तेव्हा कॅलेंडर बघा, कव्हर्ड कॅलिफोर्नियाचं काम तरी मे महिन्याच्या पुढे ढकलता येणार नाही. काउंटीचं व्हॅली हेल्थ सेंटर तुमच्या सनीव्हेलमध्येच आहे. तुम्ही दोघं कशाला पात्र आहात हे तपासून देणारी माणसं काउंटीकडे असतात. यजमानांना सोबत न्या. तिथल्या बाकावर कोण बसलंय ते त्यांनी स्वतः बघावं. त्यांच्यासारखीच नोकरी गेलेली माणसंही तिथे दिसतील.

आईंना 'काउंटी', 'सरकारी' यातलं काहीच सांगायची गरज नाही. "मोठं हॉस्पिटल आहे, मराठीत बोलतील तुझ्याशी" एवढं पुरे. एका कागदावर त्यांच्या गोळ्यांची मूळ औषधांची नावं आणि मिलिग्रॅम लिहून ठेवा. भारतातली ब्रँडची नावं इथल्या नर्सला कळत नाहीत. पाकिटावर बारीक अक्षरांत असतं ते नाव घ्या.

एक गोष्ट आज रात्रीच करा. त्या जानेवारीत आल्या, तेव्हा किती महिन्यांच्या गोळ्या आणल्या होत्या ते आठवा, मग त्यांचा डबा उघडून मोजा. हिशेबाने उरायला हव्यात त्यापेक्षा जास्त उरल्या असतील, किंवा डब्यात अर्धे तुकडे दिसले, तर त्यांना रागावू नका. डबा तसाच पिशवीत घाला आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.